सामाईक गाडी

इंजिन चालू ठेवूनच मिस्त्रीनं ऑइलची डिपस्टिक वर ओढली आणि त्या नळीच्या तोंडावर तळहात धरला. थोड्या वेळानं हात उलटा करून दाखवला, तर त्याच्यावर ऑइलचं दव पडल्यासारखं झालेलं. मागं सायलेन्सरमधून निळा धूर निघत होता. ‘‘रिंगा गेल्या. बोअर वाढलंय. गाडी ऑइल पिऊ राहिली,’’ तो म्हणाला. दवाखान्यात रिपोर्ट ऐकताना माणसं उभी राहतात, तशी आम्ही नऊ भावंडं गाडीभोवती गप्प उभी होतो.

2024 ची भाऊबीज. आम्ही पाचही बहिणी फुलंब्रीला माहेरी आलेल्या, चौघे भाऊ घरीच. आमची बोलेरो पिकअप ठेवायची की काढायची, याचा निकाल आता लावायलाच हवा होता. गाडी 2009 च्या दसऱ्याची. तिला दरसाल पासिंगला न्यावं लागत होतं, पर्यावरण करही भरून झाला होता, आणि आता पंधरा वर्षं पुरी झाली होती. जुन्या गाड्या मोडीत काढायचं केंद्राचं धोरण 2021 साली आलं. नोंदणी असलेल्या केंद्रावर गाडी मोडीत दिली की दाखला मिळतो आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत. धाकट्या भावानं हे सगळं मोबाइलवर काढून ठेवलं होतं. नवी गाडी दहा लाखांच्या आतबाहेर. दोन लाख रोख भरून आठ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी घेतलं, तर दहा टक्क्यांनी महिन्याला सतरा हजार हप्ता. जुनीचं इंजिन काम, पंप, नोझल, पाटे, टायर, डेंटिंग-पेंटिंग धरून दीड लाख.

हिशेब एवढा सरळ होता. तरी कोणी बोलेना.

ही गाडी आली तेव्हा मी अकरावीला होते. त्याआधी कापूस नि मका भाड्याच्या टेम्पोत जायचा. टेम्पोवाल्याला सवड होईल तेव्हा तो यायचा आणि मोसंबीचे क्रेट बांधावर ऊन खात पडायचे. गाडी दारात आली, त्या रात्री थोरल्या काकांनी अंगणात बाज टाकली आणि तिच्या शेजारीच झोपले. पहाटे तीनला पहिली खेप निघाली. चौक्याचा घाट, सावंगी, हर्सूल करत जाधववाडीच्या मार्केटला, सौदे सुरू व्हायच्या आत. त्या खेपेसोबत आम्हीही गेलो होतो. मागं क्रेटांवर ताडपत्री, ताडपत्रीखाली आम्ही सहाजण. मोसंबी, डिझेल आणि तापलेलं रबर असा तो मिळून एक वास होता. आजही मार्केटजवळून एसटी जाते तेव्हा तो येतो आणि मी खिडकीतून वळून बघते.

पोरांची गाडी खरी तीच. परीक्षेला सोडायला, लग्नाच्या अक्षता वाटायला, दिवाळीला सासरहून आत्यांना आणायला. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आम्ही भद्रा मारुतीला खुलताबादेला पायी निघायचो आणि गाडी मागून सावकाश यायची, पाण्याचे जार, चपला आणि दमलेली लहान पोरं घेऊन. माझं रुखवत तिच्यातच सिल्लोडला गेलं. फाळक्याला बांधलेली आंब्याची डहाळी तिथं पोचेपर्यंत सुकून गेली होती.

2012-13 च्या दुष्काळाचं मात्र मला सविस्तर सांगायचं आहे, कारण गाडीचं आजचं दुखणं तिथलं आहे. मराठवाड्यात त्या साली मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. आमच्या विहिरीनं जानेवारीतच तळ दाखवला होता. बाबांनी आणि काकांनी गाडीच्या हौद्यात दोन हजार लिटरची काळी टाकी बसवली. दोन हजार लिटर पाणी म्हणजे दोन टन वजन, आणि गाडीची क्षमता सव्वा टनाची. हे काकांना कळत नव्हतं असं नाही. पण झाडं आठ वर्षांची होती. दिवसाला पाच पाच खेपा. आम्ही बहिणी घागरीनं एकेका आळ्यात दोन दोन घागरी ओतायचो, वरून उसाचं पाचट पसरायचो, म्हणजे ऊन मातीला लागू नये. मेअखेर मागचे पाटे सपाट होऊन उलटे वाकले. मिस्त्रीनं एक जादा पाटा घालून दिला, तेव्हापासून गाडी रिकामी असली की मागून उंच दिसते आणि खड्ड्यात आपटते. पुढं अजिंठ्याच्या रस्त्याचं चौपदरी काम चाललं होतं, त्या खोदलेल्या वर्षांत तर फारच आपटली. पण तीनशे झाडांतली एकशे नव्वद वाचली. त्या एकशे नव्वद झाडांवर माझ्या धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण झालं.

त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळ्यात वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या. हौद्यात दोन गाद्या, आईच्या मांडीवर वहिनीचं डोकं, वर ताडपत्री धरून आम्ही दोघी. घाटात पाऊस असा की काच पुसायचा वायपर पुरेना. दादा दर वळणाला मागं हाक मारून विचारायचा आणि आई ओरडून सांगायची, ‘‘चालव तू!’’ शहरातल्या घाटी दवाखान्याच्या फाटकातून आत गेलो तेव्हा उजाडत होतं. तासाभरात पोरगा झाला. 2024 च्या भाऊबीजेला तो अकरा वर्षांचा होता आणि गाडी अंगणातल्या अंगणात मागंपुढं घ्यायचा.

2016 साली वाटण्या झाल्या. शिवार चौघांत गेलं, गोठ्यात भिंत आली, विहीर सातबाऱ्यावर सामाईक राहिली, पाण्याच्या पाळ्या ठरल्या. आम्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. रीतच होती, कोणी विचारलं नाही आणि आम्हीही काही बोललो नाही. गाडीची वाटणी होईना, म्हणून तीही सामाईक ठेवली. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आली. जो नेईल त्यानं तारीख, गाव, डिझेल लिहायचं. त्या वहीत चार घरांची चार अक्षरं आहेत. ज्या वर्षी दोन घरांचं बोलणं बंद होतं, त्या वर्षीसुद्धा वही चालू होती. 2023 च्या उन्हाळ्यात अद्रकीला कधी नव्हे तो भाव आला, तेव्हा दोघांचा माल एकाच खेपेत गेला आणि परत येताना दोघं सोबत चहा प्यायले. कोण कोणाला आधी बोललं, ते दोघांपैकी कोणी सांगत नाही.

नवी गाडी कोणाच्या नावावर घ्यायची, हा प्रश्न होता. कर्ज एकाच्या नावावर, हप्ता एकाचा, मग गाडीही त्याची. दादाची ऐपत होती आणि तो तयारही होता. पण घेतो असं त्याच्या तोंडून निघत नव्हतं, आणि घे असं बाकीच्यांच्या.

मिस्त्री गाडीखाली शिरला. ‘‘इंजिनाचं नंतर बघू. आधी चेसी बघू द्या. चेसी धड असंल तर इंजिनाला पैसे लावा, नाहीतर काढून टाका.’’ हातोडीनं तो पुढून मागं ठोकत गेला. टण, टण, टण. थोरले काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, कानांनी अधू, पण काठी टेकून खाली वाकले होते. मागच्या पाट्याच्या हँगरपाशी आवाज बद्द आला. पाण्याच्या टाकीचा भार जिथं यायचा तिथंच. मिस्त्रीनं गंज खरवडला, बॅटरी मारून पाहिलं. ‘‘भेग आहे. वितीएवढी. पट्टी मारून वेल्डिंग होतं. बाकी चेसी वाजू राहिली चांगली.’’

माझी धाकटी बहीण, ती नर्स, पहिल्यांदा बोलली. ‘‘दीड लाखाचे नऊ भाग करा. चार नाही, नऊ.’’ दादा नको म्हणाला, बहिणींकडून कसे घ्यायचे. ती म्हणाली, ‘‘जमिनीत आम्ही सही केली. गाडीत केली नाही.’’

काकांना ऐकू गेलं नव्हतं. त्यांना कानाशी जाऊन परत सांगावं लागलं. त्यांनी मान हलवली आणि कोपरीच्या खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढून तिच्या हातात दिली.

इंजिन उतरवायला गाडी शहरात नेली, तेव्हा वहीत त्या दिवसाची नोंद पुतण्यानं केली. तारीख, मग गॅरेज, मग डिझेल पंधरा लिटर, आणि ‘कोणी नेली’ या रकान्यात नऊजणांची नावं. रकाना पुरला नाही, म्हणून शेवटची तीन समासात आडवी लिहिली आहेत. त्यात माझं आहे.