कातडीवर कोणाचा हक्क?

मुलुंडमधल्या माझ्या दवाखान्यात गोंदण दोन वाटांनी येतं. आज्या येतात त्या खाज, नागीण, टाचांच्या भेगा दाखवायला. त्यांच्या कपाळावरचे ठिपके आणि मनगटावरचं तुळशीवृंदावन मला तपासताना दिसतं. तरुण मुलं येतात ती टॅटू पुसून घ्यायला. कुणाची भरती तोंडावर आलेली असते, कुणाला हातावरचं नाव नको झालेलं असतं. ही शाई कोणाच्या इच्छेनं टोचली गेली, हा प्रश्न मला दोघांकडे पाहताना पडतो. माझ्या मते गोंदणाच्या इतिहासातला खरा प्रश्न हाच आहे.

आधी शाई टिकते कशी ते पाहू. त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो. सुई त्याखालच्या जाड थरात, एक-दोन मिलिमीटर खोल जाते. तिथल्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. पेशी मेली की रंग मोकळा होतो आणि नवी पेशी तो पुन्हा गिळते, असं फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर दाखवलं. म्हणजे गोंदण शरीर स्वतःच जन्मभर सांभाळत असतं. काजळी खरं तर काळी, पण कातडीखालून ती निळसर-हिरवी दिसते. लेझर या कणांचा चुरा करतो आणि शरीर तो हळूहळू वाहून नेतं.

ही कला फार जुनी आहे. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ‘ओत्झी’च्या सुमारे ५,३०० वर्षं जुन्या देहावर ६१ खुणा आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा कंबर, गुडघे, घोटे अशा झिजलेल्या सांध्यांजवळ असल्यानं तो उपचार असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. मला त्याचं नवल वाटत नाही. दुखऱ्या गुडघ्यावर गोंदवून घेतलेले ठिपके मी आपल्याकडेही पाहिले आहेत. ब्रिटिश म्युझियममधल्या, जवळपास तितक्याच जुन्या एका इजिप्शियन पुरुषाच्या दंडावर रानबैल आणि रानमेंढा कोरलेले आहेत.

आपल्या उपनगरांतच केवढं वैविध्य आहे! बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले आणि आरेतले वारली पाडे, अंधेरीजवळचा वेसावे कोळीवाडा, घाटकोपर-मुलुंडमध्ये स्थिरावलेली कच्छ-सौराष्ट्रातली घराणी, घाटावरून गिरणगावात आणि तिथून इकडे सरकलेली कुटुंबं. या साऱ्यांत गोंदणाची रीत होती. कच्छ-सौराष्ट्रात त्याला ‘त्राजवां’ म्हणतात. गळ्यापासून हातापर्यंत ठिपक्यांच्या ओळी उतरतात. आपल्या गोंदणात तुळशीवृंदावन, विंचू, फुलं, नवऱ्याचं किंवा भावाचं नाव. गोंदणारीण जत्रेत बसायची किंवा दारावर यायची, दोन-तीन सुया एकत्र बांधून काजळीत बुडवायची आणि टोचून झाल्यावर हळद लावायची. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं, ही श्रद्धा. ज्यांच्या नावावर घर नव्हतं, शेत नव्हतं, त्या बायकांना ही आपली एकमेव मालमत्ता वाटली.

पण यातली दुसरी बाजू झाकू नये. लहान मुलींना घट्ट धरून गोंदलं जाई. गोंदण नसलेली सून चालत नसे. आणि सत्तेनं सुई हाती घेतली तेव्हा तिचं शस्त्र झालं. कंपनी सरकारच्या काळात बंगालमध्ये कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदला जाई. १८४९ साली ते बंद झालं. जपानमध्येही गुन्हेगारांना गोंदत. पुढे १८७२ साली तिथल्या सरकारनं गोंदणकलेवरच बंदी घातली, ती १९४८ पर्यंत टिकली. ऑशविट्झच्या छळछावणीत माणसांच्या हातावर क्रमांक टोचले गेले.

हिरावलेला हक्क परतही मिळवता येतो. न्यूझीलंडमधल्या माओरी स्त्रियांचं हनुवटीवरचं गोंदण, ‘मोको कौआए’, एकेकाळी लोपत चाललं होतं. २०१६ साली खासदार नानाया माहुता यांनी ते स्वतःहून करून घेतलं आणि २०२० साली त्याच चेहऱ्यानं त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. आपल्याकडेही सैन्यभरतीच्या नियमांत आदिवासी उमेदवारांच्या परंपरागत गोंदणाला सूट आहे.

म्हणून कोणी आजीचं गोंदण ‘अडाणीपणा’ म्हणून पुसायला आणलं, तर मी आधी आजींना विचारते. त्यांना हवं असेल तर काढते. मुलांना लाज वाटते म्हणून काढत नाही. तरुणांना सांगते, की भरतीला बसायचं असेल तर नियम आधी वाचा. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे, शाईही तुमच्यापुरती वेगळी ओतलेली हवी. नाहीतर कावीळ ‘बी’, ‘सी’ आणि एचआयव्हीचा धोका असतो. आणि कुणाच्या आग्रहाखातर काहीही टोचून घेऊ नका.

वाचकांना एक विनंती. या दिवाळीत घरी आजी, पणजी, आत्या भेटतील. त्यांची परवानगी घेऊन गोंदणाचे फोटो काढा. कोणत्या गावात, कोणत्या वयात, कोणी गोंदलं, दुखलं का, स्वतःला हवं होतं का, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. गोंदणाचा इतिहास राजांनी, सरकारांनी आणि प्रवाशांनी पुष्कळ लिहिला. ज्यांच्या अंगावर तो आहे, त्यांची साक्ष नोंदवणं आता आपल्या हातात आहे.