काट्यावर चढण्यापूर्वी

महिनाभर नेमाने चालावे, जिभेला आवर घालावा आणि काट्याने जेमतेम अर्धा किलो उतरल्याचे सांगावे, तेव्हा मन खट्टू होतेच. आठ महिन्यांत माझे वजन ८० किलोंवरून ७६ वर आले. एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असे घरचेही म्हणाले. मात्र मधुमेहाने आमच्या घरातील दोन पिढ्या गाठल्या असल्याने सोडून देणे परवडणारे नव्हते.

धीर दिला तो आमच्या यवतमाळच्या शिवारांनी. जूनमध्ये लावलेल्या कपाशीचा कापूस काट्यावर चढतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. तोवर शेतकरी वजन विचारीत नाही. पात्या लागल्या का, फुले आली का, बोंडे भरली का, एवढेच पाहतो.

आपणही अशा खुणा ओळखाव्यात. कंबर फितीने मोजावी. भारतीय स्त्रियांत ती ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत असणे हिताचे. जिना चढताना दम लागतो का, हे टिपावे. खाल्लेल्या मिठाने, प्यालेल्या पाण्याने वजन दिवसागणिक किलोभर वरखाली होते. म्हणून ते आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळीच पाहावे. शिवाय देह हलका झाला की त्याची ऊर्जेची गरजही घटते. तेव्हा पुढची घट मंदावणे हा शरीराचा धर्मच आहे.

आणि माझे ते ४ किलो मूळ वजनाचे ५ टक्के होत. एवढ्या घटीनेही रक्तशर्करा व रक्तदाब सुधारू लागतात. म्हणून उद्या पहाटेही मी निघणार आहे, आपणही निघावे.