वाईची वाट आणि आवाजाचा चढउतार

पुण्याहून वाईस जाण्याचा योग आम्हांस आजवर कितीदा आला, याची मोजदाद आम्ही ठेवलेली नाही. तथापि २०२३ सालच्या मार्गशीर्षात घडलेला प्रवास मात्र विसरणे शक्य नाही. वाट तीच, घाट तोच, कृष्णामाईही तीच. परंतु त्या वाटेवर आमच्याच अंगची एक खोट आम्हांस दिसली. ती सांगताना संकोच वाटतो. पण कोणा वाचकास उपयोग होईल म्हणून सांगतो.

थोरल्या बंधूंच्या वर्षश्राद्धासाठी वहिनी, पुतण्या, आमचा बारा वर्षांचा नातू व आम्ही असे चौघेजण पुतण्याच्या मोटारीने पहाटे निघालो. बंधूंनी म्हटलेला विष्णुसहस्रनामाचा पाठ नातवाने त्यांच्या हयातीतच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. तो ऐकत वाईस पोहोचावे, एवढीच वहिनींची इच्छा होती.

कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत पुण्याची आकाशवाणी चालू होती. बोगद्यात ती खरखरून लोपली, याचे आम्हांस नवल वाटले नाही. एफ.एम.च्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जाणाऱ्या. डोंगर आड आला की त्या क्षीण व्हावयाच्याच. मग नातवाने मोबाइल जोडून पाठ लावला आणि खरे नवल येथून सुरू झाले. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापाशी मोटार मंदावताच बंधूंचा आवाज इतका बारीक झाला की, वहिनी पुढे वाकून कान देऊ लागल्या. पुढे शिरवळचा नीरेवरील पूल ओलांडून मोकळा रस्ता लागला, तोच आवाज चढत चढत सभेत भाषण चालावे तसा झाला. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांचा आवाज असा कधीच नव्हता हो.”

आम्ही मागे वळून नातवास खडसावले, “मोबाइलशी चाळा पुरे!”

“आजोबा, मी हातसुद्धा लावला नाही,” तो म्हणाला.

चौतीस वर्षे शाळेत घालविलेल्या आम्हांस हे उत्तर चांगले परिचयाचे होते. अधिक न विचारता आम्ही मोबाइल काढून घेतला व आपल्या खिशात ठेवला. पोर खिडकीकडे तोंड करून मुकाट बसले.

खंबाटकीचा घाट चढताना आवाज पुन्हा मंदावला. एका वळणापाशी पुतण्याने आवाजाची चकती किंचित फिरविली मात्र, आणि आवाज एकाएकी असा कडाडला की तो दचकला. मोटार कठड्याच्या दिशेने हातभर सरकली. ईश्वरकृपेने शेजारी दुसरे वाहन नव्हते. घाट ओलांडल्यावर रुंद जागा पाहून मोटार उभी केली, तेव्हा आम्हांस उमगले की, मोबाइल तर आमच्याच खिशात आहे! कारण ठरविताना अन्वय आणि व्यतिरेक असे दोन्ही पाहावे लागतात: एक असता दुसरे असते काय, व एक नसता दुसरेही नसते काय. मुलाचा हात नसतानाही दोष राहिला, म्हणजे मुलगा कारण नव्हे. हा विचार आम्ही वर्गात कितीदा समजावून दिला असेल. घरच्या पोरावर आळ घेताना मात्र विसरलो.

सुरूर फाट्यावरून वाईस पोहोचलो. ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले व एका जाणत्या ऑटो-इलेक्ट्रिशियनास मोटार दाखविली. त्याने प्रथम एकच प्रश्न केला, “आवाज बदलतो तेव्हा पडद्यावरचा आकडाही बदलतो का?” पुतण्याने आठवून सांगितले की, रस्त्यावर आवाज हळूहळू चढला तेव्हा आकडा तोच होता, घाटात मात्र आकड्याने उडी मारली. “मग रोग एक नाही, दोन आहेत,” कारागीर म्हणाला.

वेग वाढला की चाकांचा व वाऱ्याचा गोंगाट वाढतो. त्यात गाणे बुडू नये म्हणून पुष्कळ मोटारींत वेगाबरोबर आवाज आपोआप चढविण्याची योजना असते. महिन्यापूर्वी बॅटरी बदलली तेव्हा यंत्र मूळ स्थितीस जाऊन ही योजना सुरू झाली असावी. पडद्यावरील यादीत शोधून त्याने ती बंद केली. दुसरा रोग चकतीचा. तिच्या आत दोन संपर्क असतात. कोणता आधी जुळला यावरून चढ की उतार हे यंत्र ओळखते. तेथे धूळ बसली किंवा झीज झाली की गणना चुकते. एका खाचेच्या जागी अनेक खाचा मोजल्या जातात, कधी उलट दिशाही घेतली जाते. वीज बंद करून त्याने संपर्क साफ करण्याचा फवारा मारला व चकती पुष्कळदा फिरविली. “झीज असेल तर हा उपाय टिकणार नाही, भाग बदलावा लागेल, पण घरचे तेल घालू नका,” असे त्याने बजावले.

जाता जाता आणखी चार गोष्टी त्याने सांगितल्या. सुकाणूवरील बटणांत दमट हवेने दोष आला तरी आवाज आपोआप हलतो. मार्ग सांगणारी वाणी बोलू लागली की गाणे मुद्दाम दबते; तो बिघाड नव्हे. मोबाइलचा आवाज व मोटारीचा आवाज हे दोन निराळे नळ आहेत; दोन्ही पाहावेत. आणि आवाज अजिबात तुटत असेल तर तारांचे सांधे तपासावेत. आमची पुस्ती इतकीच की, ही तपासणी मोटार उभी असताना करावी.

परीक्षेसाठी आम्ही मेणवलीपर्यंत मोटार नेली. नाना फडणविसांचा वाडा, त्याखालील कृष्णेचा घाट आणि १७३९ च्या वसईविजयानंतर तिकडून आणलेली ती थोर घंटा यांचे दर्शन झाले. वाटेत वेग चढला, उतरला. आवाज मात्र समच राहिला.

घाटाच्या पायरीवर नातवास जवळ बसवून आम्ही म्हटले, “बाळ, मघाशी तू खरे बोललास आणि आम्ही चुकलो.” त्याने काही उत्तर दिले नाही, केवळ हात पुढे केला. आम्ही खिशातील मोबाइल त्याच्या हाती दिला. परतताना त्याने पाठ पुन्हा पहिल्यापासून लावला. वहिनींनी डोळे मिटले व थोड्या वेळाने हलकेच म्हणाल्या, “हा ह्यांचाच आवाज.”