मनगटावरचे माप

विदर्भातील इतर तालुक्यांच्या गावांप्रमाणे राळेगावातही पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली आता नवी राहिलेली नाहीत. त्यांतील अनेकांच्या मनात पोलीस भरतीची मैदानी चाचणी असते. तीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. मनगटावर घड्याळ असते. घरच्यांनी ते कौतुकाने, कित्येकदा काटकसर करून घेऊन दिलेले असते. त्यावर उमटणाऱ्या आकड्यावर विसंबून महिनोन्महिने तयारी चालते. मात्र त्या आकड्याची पारख करावी, हे क्वचितच कोणाला सुचते.

पारख का हवी, हे साध्या हिशेबाने कळते. एखादा मुलगा 1600 मीटर 6 मिनिटांत धावतो, असे त्याचे घड्याळ सांगते. प्रत्यक्षात तो 1560 मीटरच धावला असेल, तर उरलेल्या 40 मीटरना त्याच गतीने आणखी 9 सेकंद लागतील. भरतीत गुण वेळेच्या टप्प्यांवर मिळतात. गावात सुखावणारा आकडा मैदानावर हातचे गुण घालवू शकतो, आणि मेहनतीत कसूर नसताना मुलगा स्वतःलाच दोष देत घरी परततो.

घड्याळ अंतर मोजते ते मुख्यतः दोन रीतींनी. पहिली रीत जीपीएसची. उपग्रहांच्या संदेशांवरून घड्याळ साधारण दर सेकंदाला आपली जागा ठरवते आणि त्या बिंदूंमधील अंतरांची बेरीज करते. मोकळ्या आकाशाखालीही प्रत्येक बिंदू काही मीटर इकडेतिकडे पडू शकतो. सरळ रस्त्यावर बिंदू डावी-उजवीकडे सरकले, तर बेरीज फुगते. वळणावर बिंदू विरळ पडले, तर घड्याळ वळण कापून जाते आणि अंतर घटते. कपाशीच्या शेतांमधून जाणाऱ्या उघड्या रस्त्यावर हे यंत्र बरे चालते. दाट झाडांच्या सावलीत किंवा इमारतींच्या गर्दीत ते अधिक चुकते. म्हणून निघण्यापूर्वी मिनिट-दोन मिनिटे मोकळ्यावर स्थिर उभे राहून उपग्रहांशी जुळणी होऊ द्यावी. बॅटरी वाचवण्यासाठी बिंदूंची संख्या कमी करणारी सोय अशा वेळी बंद ठेवावी.

एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेला धावणारे पेस म्हणतात. हा आकडा तर आणखी चंचल. किलोमीटरला 5 मिनिटे या गतीने धावणारा सेकंदाला सुमारे 3.3 मीटर पुढे जातो. बिंदूच तितका चुकत असेल, तर त्या क्षणाचा पेस विश्वासाचा कसा राहणार? क्षणाक्षणाच्या आकड्यामागे न धावता पूर्ण फेरीची किंवा पूर्ण किलोमीटरची सरासरी पाहावी, हेच शहाणपणाचे.

दुसरी रीत पावलांची. घड्याळातील किंवा बुटावर लावलेल्या यंत्रातील संवेदक हालचालीवरून पावले ओळखतो आणि पावलाच्या लांबीवरून अंतर काढतो. पण थकव्याने, चढाने किंवा गती बदलल्याने पावलाची लांबी बदलते. या यंत्राला एकदा तरी खरे अंतर दाखवून द्यावे लागते. 400 मीटरच्या धावपट्टीवर सर्वांत आतल्या मार्गाने 4 फेऱ्या म्हणजे नेमके 1600 मीटर. यंत्राने 1640 दाखवले, तर 1600 ला 1640 ने भागून येणारा 0.976 हा त्याचा दुरुस्तीचा गुणक. मार्ग मात्र आतलाच हवा. दुसऱ्या मार्गात प्रत्येक फेरीला सुमारे 7 मीटर वाढतात. धावपट्टी जवळ नसेल, तर पोलादी टेपने सपाट जागेवर 100 मीटर मोजून दोन्ही टोकांना फक्की मारावी आणि तेवढ्यातच वेळ लावून पाहावी. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड अंदाजापुरते बरे. त्यांवरून यंत्राची पारख करू नये.

मोजण्यातील ही चिकाटी या परिसराला अपरिचित नाही. राळेगावहून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे हिंगणघाट लागते. भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन यांचा 1823 मध्ये तेथेच अंत झाला. 1802 मध्ये मद्रासजवळ त्यांनी सुमारे साडेसात मैलांची पायारेषा 100 फुटी पोलादी साखळीने मोजली. त्याला 57 दिवस लागले. उन्हाने साखळी लांबते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून शेजारी तापमापक ठेवले जात. पुढे 1804 मध्ये बंगळूरजवळ दुसरी रेषा मोजून आधीच्या हिशेबाचा ताळा पाहण्यात आला. ज्या साधनाने देश मोजायचा, ते साधनच आधी तपासले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती.

व्यापारी घरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दुकानातील काट्यावर पडताळणीचा शिक्का नसेल, तर त्यावर कोणी माल तोलून घेत नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे मापे कमी-जास्त ठेवणे, हा दोष सांगितला आहे. तेथे फसतो तो ग्राहक. न पारखलेल्या घड्याळाने मात्र ते बांधणाराच फसतो. मुलांना घड्याळ घेऊन देणाऱ्या आई-वडिलांनी एका रविवारी त्यांच्यासोबत टेप घेऊन मैदानावर जावे. आकडा अपेक्षेपेक्षा उणा निघाला, तरी हळहळू नये. चाचणीच्या दिवशी कळण्यापेक्षा तो आज कळलेला बरा. तयारीला अजून दिवस हाताशी असतात.