दुहेरी संवेदक : दोन साक्षी आणि एक निवाडा

सराफी पेढीत किंवा मालाच्या गोदामात भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात बसवलेल्या चोरसूचक यंत्राच्या छोट्या पेटीत अनेकदा दोन वेगळी संवेदनतंत्रे असतात. त्यांपैकी एक अवरक्त किरणांवर, तर दुसरे सूक्ष्मलहरींवर चालते. अशा पेटीला व्यवसायात ‘ड्युअल-टेक डिटेक्टर’ म्हणतात. दोन तंत्रे एकत्र आली की यंत्र दुपटीने भरवशाचे होते, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात या संयोगाचे मोल दोन गोष्टींवर ठरते : दोन्ही साक्षींच्या चुका परस्परांपासून किती स्वतंत्र आहेत, आणि त्यांच्या सांगण्यावरून निवाडा कोणत्या नियमाने होतो.

माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३३ अंश सेल्सिअस असल्याने तिच्यातून निघणारी उष्णताप्रारणे ९ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे मीटरच्या दशलक्षांश भागाच्या नऊ-दहा पट, एवढ्या तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक तीव्र असतात. पहिले तंत्र ही प्रारणे पायरोइलेक्ट्रिक स्फटिकावर, अर्थात तापमान बदलताच विद्युतभार प्रकट करणाऱ्या पदार्थावर, टिपते. दर्शनी भागातील फ्रेनेल भिंग खोलीचे अनेक पट्टे पाडत असल्यामुळे पट्टे ओलांडत आडवा जाणारा माणूस या तंत्राला चटकन कळतो, मात्र सरळ यंत्राच्या रोखाने येणारा उशिरा कळतो. दुसरे तंत्र स्वतःच सूक्ष्मलहरी सोडते व परावर्तित लहरींच्या वारंवारितेतील फरक, म्हणजेच डॉप्लर परिणाम, मोजते. अशा यंत्रांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या १०.५२५ गिगाहर्ट्झ वारंवारितेवर सेकंदाला एक मीटर वेगाने समोरून येणाऱ्या माणसामुळे हा फरक सुमारे ७० हर्ट्झ पडतो, तर आडव्या चालीत तो फारच कमी होतो.

दोघांना फसवणाऱ्या गोष्टीही निरनिराळ्या आहेत. खिडकीतून सरकणारे ऊन किंवा हीटरची गरम हवा अवरक्त संवेदकाला चकवते. सूक्ष्मलहरी त्यांची दखल घेत नाहीत, पण त्या काच व प्लायवूडच्या पार जात असल्याने बाहेरचा पादचारी किंवा प्लास्टिकच्या नळातून वाहणारे पाणी त्यांना खोलीतील हालचाल भासू शकते. म्हणून दोघांनी एकाच वेळी होकार दिला तरच भोंगा वाजावा, असा ‘आणि’ नियम योजतात. समजा, एखाद्या रात्री प्रत्येकाकडून खोटा इशारा येण्याची शक्यता शंभरात एक आहे. या चुका स्वतंत्र असतील, तर दोघे एकदम चुकण्याची शक्यता दहा हजारांत एक उरते. मात्र प्रत्येकजण खरा चोर १०० पैकी ९५ वेळा ओळखत असेल, तर दोघांनी मिळून ओळखण्याचे प्रमाण सुमारे ९० वर घसरते. शिवाय भिंतच हादरली किंवा पंख्याच्या वाऱ्याने उन्हात तापलेला पडदा हलला, तर दोघांनाही एकच कारण फसवते आणि स्वातंत्र्याचे गृहीतक कोसळते.

विदर्भातील उन्हाळ्यात या नियमाची दुसरी उणीव उघडी पडते. बंद गोदामाच्या भिंती त्वचेइतक्याच तापल्या की अवरक्त संवेदकाला माणूस आणि भिंत यांत फरक उरत नाही, आणि सूक्ष्मलहरींनी हालचाल अचूक टिपली तरी ‘आणि’ नियमामुळे संपूर्ण यंत्र गप्प राहते. म्हणूनच काही यंत्रांत सभोवतालचे तापमान मोजून अवरक्त संवेदकाची संवेदनशीलता वाढवतात किंवा सूक्ष्मलहरींच्या साक्षीला अधिक वजन देतात.

आगसूचक यंत्रांत धूर, उष्णता आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे संवेदक एकत्र येतात, तेव्हा तराजू वेगळ्या बाजूला झुकतो. धुमसणारी आग उष्णता वाढण्याआधीच विषारी वायू सोडत असल्याने तिथे सर्वांच्या होकाराची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. खोट्या भोंग्यांचा त्रास आणि हुकलेल्या धोक्याची किंमत यांपैकी काय जड, हे त्या जागेच्या गरजेवरून आधी ठरवावे लागते. त्यामुळे खरेदीच्या वेळी पेटीत किती तंत्रे आहेत हे मोजण्यापेक्षा त्यांपैकी प्रत्येकाला काय फसवते आणि एक फसल्यावर दुसऱ्याला किती अधिकार उरतो, एवढे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.