दाढीचा ब्रश

वार्षिक अंकाच्या मराठी विभागांत दाढीच्या ब्रशावरील लेख पाहून पालकवर्गास हंसूं येईल, आणि खालच्या वर्गांतील बालवाचक सरळ पान उलटतील, हें आम्ही जाणून आहों. संपादक-मंडळानें आमच्याकडे 'शिस्त' या विषयावर लेख मागितला होता. परंतु शिस्तीवर आम्ही वर्षभर बोलतच असतों. आणि गेलीं दोन वर्षें जी गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली आहे ती या क्षुल्लक वस्तूवरूनच घडलेली आहे. शिवाय, वसतिगृहांतील मोठ्या मुलांच्या ओठांवर लव दिसूं लागली तरी या बाबतींत त्यांना वडीलधारें माणूस कांहीं सांगत नाहीं, असाही आमचा अनुभव आहे. तेव्हां संपादकांची क्षमा मागून विषयास हात घालतों.

आमच्या वडिलांचा ब्रश डुकराच्या राठ केसांचा होता. लांकडी मूठ, तिचा लाल रंग आंगठा टेकण्याच्या जागीं उडालेला, आणि केसांचीं टोकें इतकीं मऊ कीं लहानपणीं आम्ही तो हौसेनें गालावरून फिरवून घेत असूं. दररोज सकाळीं कोंबट पाण्याच्या तांब्यांत तो उभा करून ते प्रार्थनेस बसत. प्रार्थना आटोपेपर्यंत केस पाणी पिऊन नरम झालेले असत. नोकरीच्या पहिल्या वर्षीं आम्हींही तसाच ब्रश विकत घेतला, आणि एका पावसाळ्यांत त्याची पुरती वाट लावली. उकळतें पाणी वापरीत असूं, आणि दाढी झाली कीं ओलाच ब्रश झांकणाच्या डब्यांत कोंबून शाळेकडे धांवत असूं. श्रावणांत त्यास बुरशीची घाण येऊं लागली, आणि एके सकाळीं केसांचा सबंध झुबका मुठींतून सुटून साबणाच्या वाटींत पडला. वडिलांना तो दाखविला तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "चिकटवलेली वस्तु आहे, बाबा. तुला काय ती झाडासारखी उगवलेली वाटली?"

या केसाचा स्वभाव एकदां ध्यानांत आला म्हणजे बाकीचें सर्व आपोआप समजतें. डुकराचा केस बुडाशीं जाड व टोंकाकडे निमुळता असतो, आणि त्याचें टोंक निसर्गतःच दोन-तीन फांट्यांत दुभंगलेलें असतें. तो पाणी शोषून घेतो व नरम पडतो. म्हणून दाढीपूर्वीं चार-पांच मिनिटें त्याला कोंबट पाण्यांत ठेवावें लागतें. कोरडा वापरला तर कुंच्यासारखा टोंचतो. नवा ब्रश तर भिजविल्यावरही टोंचतो, फेस गिळून टाकतो आणि त्याला जनावराचा उग्र वास येतो. यामुळें पुष्कळ लोक आठ दिवसांतच तो अडगळींत टाकतात. वास्तविक तेव्हांच धीर धरावयाचा असतो. वीस-तीस वेळां वापरला म्हणजे टोंकांचे फांटे अधिक फुटतात, वास जातो, आणि बुडाकडील ताठपणा कायम राहून टोंकें रेशमी होतात. बॅजर नांवाच्या प्राण्याच्या केसांचा ब्रश पहिल्या दिवसापासून मऊ असतो व पाणीही अधिक धरतो. पण त्याची किंमत शिक्षकाच्या खिशाला झेपणारी नसते.

कटलरीच्या दुकानांत ब्रश घेतांना आम्ही प्रथम टोंकें पाहतों. तीं कात्रीनें सपाट छाटलेलीं असतील तर केसांचें नैसर्गिक टोंक गेलें असें समजून तो ब्रश परत ठेवावा. मग झुबका तळहातावर दाबून सोडावा. तो लगेच उठून उभा राहिला पाहिजे. बुडाशीं धरून हलकेच ओढल्यावर एखाद-दुसरा केस आला तर चिंता नाहीं, पण चिमूटभर हातीं आले तर चिकटवण कच्चें आहे. मुठीच्या नक्षीस व रंगास आम्ही महत्त्व देत नाहीं.

हे केस मोठ्या प्रमाणावर चीनमधून येत आले आहेत. तेथील चुंगकिंगचे काळे केस जगभर ब्रशांसाठीं प्रसिद्ध झाले. आपल्या देशांत कानपूर हें या व्यापाराचें जुनें ठिकाण. केस धुणें, विंचरणें, लांबीप्रमाणें निवडणें, सर्वांचीं मुळें एका बाजूस आणून जुड्या बांधणें, हें सर्व किचकट काम. आणि ज्या मालाला हात लावण्यास इतर लोक तयार नसत, त्याच मालावर तेथील खटीक समाजाच्या कित्येक कुटुंबांनीं पैसा व प्रतिष्ठा मिळविली. भूगोलाच्या तासाला कापड-गिरण्यांच्या व चामड्याच्या जोडीस कानपूरची ही गोष्टही सांगावी, असें आम्हांस वाटतें.

ब्रश कोणाच्या केसांचा आहे हें विचारल्यावांचून घेऊं नये, असें आम्ही वर्गांत नेहमी सांगत आलों, आणि त्यासाठीं पहिल्या महायुद्धाचा दाखला देत आलों. 1914 ते 1918 च्या त्या युद्धांत बॅजरच्या केसांचा नेहमीचा पुरवठा तुटला, तेव्हां घोड्याच्या केसांचे नकली ब्रश बाजारांत आले. त्यांतील कित्येक नीट निर्जंतुक केलेले नव्हते. विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा तोंडावर घट्ट बसावा म्हणून सैनिकांना दाढी गुळगुळीत ठेवावी लागे. वस्तऱ्याच्या बारीक जखमेंतून काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे जंतु शरीरांत जात. ब्रिटिश व अमेरिकन सैनिक आणि नागरिक मिळून दोनशेहून अधिक जणांना हा रोग जडल्याची नोंद आहे, आणि कांहीं त्यांत दगावले. हें सांगतांना वर्ग अगदीं शांत होत असे, आणि आपण मोठी उपयुक्त माहिती दिली असें वाटून आम्ही संतुष्ट होत असूं.

असो. दोन वर्षांपूर्वीं वसतिगृहांतील बारावीच्या मुलांच्या निरोप-समारंभास आम्हीं स्वखर्चानें आठ ब्रश आणले. वेष्टनावर इंग्रजींत अस्सल डुकराचे केस असें छापलेलें होतें. तें वाचूनच तर आम्हीं ते पसंत केले होते. आठही मुलांनीं ते वांकून घेतले. त्यांतील एक विद्यार्थी मुसलमान होता. त्यानेंही दोन्ही हातांनीं ब्रश घेतला व "थँक यू, सर," म्हणाला.

मे महिन्यांत खोल्या झाडतांना त्याच्या कपाटाच्या वरच्या फळीवर तो ब्रश सांपडला. न उघडलेला, वर्तमानपत्रांत नीट गुंडाळून वर सुतळी बांधलेला. आम्हांस राग आला. त्या आठ ब्रशांसाठीं आम्हीं आमच्या चपला महिनाभर लांबणीवर टाकल्या होत्या. त्याच रात्रीं आम्हीं त्याच्या घरच्या पत्त्यावर पत्र लिहिलें. त्यांत कृतज्ञता, गुरुजनांचा मान, दिलेल्या वस्तूची कदर असे सर्व मोठे शब्द होते.

पंधरा दिवसांनीं त्याचे वडील शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास आले. त्यांचें सायकल-दुरुस्तीचें दुकान आहे. हातांच्या रेषांत वंगण मुरलेलें. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनीं खिशांतून आमचें पत्र काढलें व टेबलावर ठेवलें. "सर, हें माझ्या हातीं आलें. पोराला मीं दाखवलें नाहीं. डुकराचे केस आमच्या घरांत चालत नाहींत. तुम्ही दिलेली वस्तु त्याच्यानें टाकवेना, आणि घरीं आणतां येईना. म्हणून बांधून ठेवून आला."

आम्ही इतिहास शिकवितों. 1857 सालीं काडतुसांना डुकराची व गाईची चरबी लावल्याच्या वार्तेनें शिपायांच्या मनांत काय झालें, हें आम्हीं त्याच मुलाच्या वर्गांत फळ्यावर मुद्दे मांडून समजाविलें होतें. रविवारच्या शाळेंत लेवीयाचा अकरावा अध्यायही आम्हीच शिकवितों. डुक्कर अशुद्ध कां मानिलें हें तेथें स्पष्ट लिहिलें आहे. आणि 'कोणाचे केस' हा प्रश्न विचारावयास शिकविणाराही आम्हीच. तो प्रश्न आम्हीं केवळ जंतूंच्या भयानें विचारला होता. तें मूल कोणाच्या घरीं परत जाणार आहे, हें आमच्या मनांतही आलें नव्हतें.

त्या गृहस्थांची आम्हीं क्षमा मागितली. ते उठून उभे राहिले आणि आम्हांसच संकोच वाटूं नये म्हणून वसतिगृहाच्या जेवणाची स्तुति करूं लागले.

नंतर आम्हीं त्या विद्यार्थ्यास नायलॉनच्या धाग्यांचा एक ब्रश पाठविला, आणि पहिल्या पत्राची सर्व हकीकत दुसऱ्या पत्रांत कबूल केली. वडिलांनीं लपविलेली गोष्ट आपण सांगावी कीं नाहीं, याचा निर्णय करण्यास आम्हांस तीन दिवस लागले. उत्तर आलें तें लहान होतें. पहिल्या पत्राविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें. ब्रश चांगला आहे, फेस लवकर होतो, पण वापरल्यावर तो केस वर करून ठेवावा कीं खालीं करून, एवढेंच त्यानें विचारलें होतें.

आम्हीं कळविलें कीं दोन्ही रीती चालतात. साबण पुरता धुवून टाकावा, झुबका न पिरगळतां मुठींत हलकेच दाबावा, दोन-तीन वेळां झटकावा, टॉवेलवर टिपावा आणि वाऱ्याच्या जागीं ठेवावा. डब्यांत कदापि कोंडूं नये. उकळतें पाणी नको. आपला ब्रश दुसऱ्यास देऊं नये व दुसऱ्याचा घेऊं नये, मग तो सख्खा भाऊ असला तरी. डुकराच्या केसांचा ब्रश सुकण्यास पावसाळ्यांत सबंध दिवस पुरत नाहीं, म्हणून आम्ही स्वतः आलटून पालटून दोन वापरतों, हेंही लिहिलें.

त्या दोहोंपैकीं एक म्हणजे कपाटांत सांपडलेला तोच ब्रश. त्याची सुतळी आम्हीं जून महिन्यांत सोडली. पहिले तीन आठवडे तो फार टोंचला.