दोन पंगती एक होतात तेव्हां

एकत्र कुटुंबांत थोरली जाऊ ही वयानें थोरली असतेच असें नाहीं. थोरल्या मुलाची बायको ती थोरली. मग धाकटी जाऊ तिच्याहून चार वर्षांनीं मोठी कां असेना! या नियमांत न्याय किती आणि अन्याय किती, याचा खल आमच्या घरच्या बायकांनीं पुष्कळ केला आहे. परंतु त्याचा एक गुण सर्वांना मान्य करावा लागतो. लग्नकार्यांत पुढें कोणी व्हावें हें ठरविण्यासाठीं कोणाला सासूची मर्जी संपादावी लागत नाहीं. क्रम आधींच ठरलेला असतो, आणि ज्याला तो जाचतो त्यालाहि तो ठाऊक असतो.

हाच नियम याहून कडक स्वरूपांत पाहावयाचा असेल, तर तो प्रवासी विमानें चालविणाऱ्यांच्या पेशांत पाहावा. मला तो कळला माझ्या पुतण्यामुळें. तो एका विमान कंपनींत सात वर्षें सहवैमानिक आहे. त्याचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, त्याच कंपनींत कॅप्टन आहेत. विमानाच्या कक्षांत दोन आसनें असतात. डावें मुख्य वैमानिकाचें व उजवें सहवैमानिकाचें. दोघेहि आळीपाळीनें विमान उडवितात आणि उतरवितात; परंतु अखेरचा शब्द आणि अखेरची जबाबदारी डाव्या आसनाची. पगारांतहि मोठें अंतर. उजवीकडून डावीकडे जाण्याची वाट दोन हातांची. पण ती चालावयास कित्येकांना दहा-दहा वर्षें लागतात.

ही वाट कोण आधीं चालणार, हें बहुधा ज्येष्ठतेचा क्रमांक ठरवितो. वैमानिक ज्या दिवशीं कंपनींत रुजू झाला, त्या दिवसावरून हा क्रमांक पडतो. बढती, मोठ्या विमानाचें शिक्षण, रजा, सणासुदीला घरीं राहणें, या सर्वांवर त्याची छाया असते. आणि मंदी आली म्हणजे पुष्कळ ठिकाणीं शेवटचा क्रमांक प्रथम घरीं जातो. आपल्याकडील कंपन्या कधीं कधीं बाहेरून तयार कॅप्टन घेतात. परंतु अमेरिकेंतील मोठ्या कंपन्यांत हा नियम इतका कडक आहे कीं, वीस वर्षांचा अनुभवी कॅप्टनहि दुसऱ्या कंपनींत गेला तर त्याला पहिल्या दिवसाच्या उमेदवारामागें उभें राहावें लागतें.

‘यांत गुणाला किंमत कोठें राहिली?’ असें मीं व्याह्यांना एकदां विचारलें. ते म्हणाले, “भाऊसाहेब, आमची परीक्षा वर्षांतून दोनदां होते. तींत पास आणि नापास एवढेंच असतें. पहिला वर्ग, दुसरा वर्ग असें कांहीं नसतें. नापास झालेला विमानांत बसतच नाहीं. पास झालेल्यांत पुन्हां उजवा-डावा करावयाचा, तर तो करणार कोण? वरिष्ठच ना? मग खराब हवेंत उड्डाण नाकारतांना वरिष्ठाला काय वाटेल, हा विचार माझ्या मनांत आला असता. माझा क्रमांक कोणाच्या मर्जीवर नाहीं, म्हणून मी ‘नाहीं’ म्हणूं शकतों.” हें उत्तर मला पटलें. ज्या विमानांत आपलीं मुलेंबाळें बसतात, त्याच्या कप्तानाला ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक असावी, हें कोणाला नको आहे?

परंतु या सरळ नियमाची खरी परीक्षा दोन कंपन्या एक होतात तेव्हां होते. दोन पंगती दोन ओसऱ्यांवर बसल्या आहेत. एकीकडे ताक-भात चालला आहे, दुसरीकडे अजून पानें मांडावयाचीं आहेत. आणि यजमान येऊन सांगतो कीं, आतां सर्वांनीं एका ओळींत बसावें. कोणाच्या वर कोण? रुजू होण्याच्या तारखेवरून क्रम लावला, तर ज्या कंपनींतील माणसें जुनीं तिचा लाभ. पूर्वीं जो आपल्या यादीच्या मध्यावर होता त्याला नव्या यादींतहि मध्यावर ठेवलें, तर ज्या कंपनींत बढती लवकर होत असे तिचा लाभ. आणि विकत घेणाऱ्यानें विकल्या गेलेल्यांना शेवटीं जोडलें, तर त्यांची उमेदवारीचीं वर्षें पाण्यांत!

हे तिन्ही प्रकार प्रत्यक्ष घडले आहेत अथवा त्यांवरून भांडणें झालीं आहेत. २००१ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स ही जुनी कंपनी घेतली. तिच्या वैमानिकांपैकीं निम्म्याच्या आसपास लोकांचीं नांवें नव्या यादीच्या तळाशीं गेलीं. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांतील भयंकर घटनेनंतर धंदा बसला, तेव्हां प्रथम त्यांतल्याच पुष्कळांना घरीं बसावें लागलें. पुढें २००७ सालीं तेथील कायदेमंडळानें असा कायदा केला कीं, दोन याद्या न्यायानें व समतेनें जोडल्या पाहिजेत आणि न जमल्यास लवादाकडे गेलें पाहिजे. पण लवाद म्हणजे समाधान नव्हे. २००५ सालीं यू. एस. एअरवेज व अमेरिका वेस्ट या कंपन्या एक झाल्या. २००७ सालीं लवादानें निकाल दिला. त्यांत पहिल्या कंपनीचे सोळा-सतरा वर्षें मोजलेले, परंतु मंदीमुळें घरीं बसलेले लोक दुसरीच्या नवशिक्यांच्याहि खालीं गेले. त्यावरून जुनी संघटना मोडली, नवी उभी राहिली, खटले चालले. आणि त्या वैमानिकांची एकच यादी ठरावयास २०१६ साल उजाडलें.

आपल्याकडे २००७ सालीं एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एक झाल्या. नांव एक झालें, मनें झालीं नाहींत. २०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत पूर्वींच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनीं समान वेतनासाठीं संप केला. न्यायमूर्ति धर्माधिकारी यांच्या समितीनें २०१२ च्या आरंभीं आपला अहवाल दिला; तरी त्याच वर्षीं मे महिन्यांत दुसरी बाजू उठली. नव्या बोइंग ७८७ विमानांचें शिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना दिल्यास आपली बढती आणखी मागें पडेल, असें पूर्वींच्या एअर इंडियाच्या वैमानिकांचें म्हणणें होतें. तो संप ५८ दिवस चालला. वर्तमानपत्रांतून तेव्हां ‘एवढे पगार घेऊनहि यांचें समाधान नाहीं’ असा सूर निघे. मलाहि तेव्हां तसेंच वाटे. आज वाटतें कीं, तें भांडण पैशाइतकेंच गेलेल्या वर्षांचें होतें. पैसा पुन्हां मिळवितां येतो. रांगेंत उभें राहून घालविलेलीं वर्षें परत मिळत नाहींत.

आतां निवृत्तीकडे वळूं. तिचा आणि क्रमांकाचा संबंध उघड आहे: वरचा उठल्यावांचून खालचा सरकत नाहीं. अमेरिकेंत १९६० पासून प्रवासी विमानाच्या वैमानिकाला साठाव्या वर्षीं उठावें लागे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनें २००६ च्या नोव्हेंबरांत ही मर्यादा पासष्ट केली. अमेरिकेनें २००७ च्या डिसेंबरांत तेंच केलें. आपल्याकडेहि परवान्याची मर्यादा पासष्ट आहे. साठीनंतर दर सहा महिन्यांनीं प्रकृतीची तपासणी करून घ्यावी लागते. कंपनीचें स्वतःचें निवृत्तीचें वय मात्र त्याच्या अलीकडे असूं शकतें, व पुढचीं वर्षें कराराचीं असतात.

आमच्या व्याह्यांना गेल्या वर्षीं साठ पूर्ण झालीं. कंपनीनें करार पुढें केला. त्याच आठवड्यांत पुतण्याला कळलें कीं, त्याच्या तुकडीची बढती निदान वर्षभर लांबली. त्याच्या शिक्षणासाठीं काढलेल्या कर्जाचे हप्ते आमच्या घराच्या तारणावर चालू आहेत. इकडे व्याह्यांचा धाकटा मुलगा अजून शिकतो आहे. आमची सूनबाई एका संध्याकाळीं म्हणाली, “काका, ज्या नियमानें बाबांना पांच वर्षें दिलीं, त्याच नियमानें ह्यांचीं घेतलीं. मी पेढे वाटूं कीं रडूं?” मला उत्तर सुचलें नाहीं.

एका व्याह्यांच्या उठण्यानें पुतण्याचा क्रमांक एकानेंच वर सरकणार, हें खरें. परंतु असे कितीतरी व्याही आणि कितीतरी पुतणे आहेत. पुतण्याला दुसरीकडून बोलावणें आलें होतें. तेथें पुन्हां शेवटीं उभें राहावें लागणार, म्हणून तो गेला नाहीं. व्याह्यांनीं करार स्वीकारला. मात्र दोन वर्षांचाच, आणि पुढें वाढवून मागणार नाहीं असें जांवयाला आपण होऊन सांगितलें. पुतण्यानें त्याच रात्रीं कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब पुन्हां मांडला. हप्ते तेवढेच होते. पण आतां त्यांच्यापुढें एक तारीख लिहितां येत होती.

मला या सर्वांतून एवढेंच दिसतें. मागें राहणें माणूस सोसतो. पांच वर्षें, दहा वर्षेंहि सोसतो. तो चिडतो तें मोजणीची रीत मध्येंच बदलली म्हणजे. म्हणून ज्यांना पंगती एक करावयाच्या आहेत त्यांनीं पानें मांडण्यापूर्वीं बसण्याचा क्रम सांगावा. आणि ज्यांचें जेवण होत आलें आहे त्यांनीं आपण केव्हां उठणार हें मागच्यांना कळूं द्यावें. ही रीत विमान कंपन्यांना जितकी लागू आहे, तितकीच ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात त्या घरांनाहि आहे.